पुजलेला माइक

कुमुदताई सबनीस कुठल्याही घरात पहिल्यांदा गेल्या की बसायच्या आधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायच्या. चांगली खणखणीत. मग मान जराशी वाकडी करून ऐकायच्या. घरच्यांना वाटायचं, बाईंनी डास मारला. ताई मात्र गंभीरपणे सांगायच्या, "तुमच्या खोलीत आवाज फार घुमतो हो. जाड पडदे लावा." चहाचा ट्रे घेऊन आलेली यजमानीण तिथंच थबकायची. एकदा देवासलाच एका घरी मुलगी बघायला गेलेल्या मंडळींत या होत्या. तिथंही बसायच्या आधी टाळी! मुलीच्या आईला वाटलं, पसंती झाली. तिनं लगेच पेढे बाहेर आणले. पुढे ते लग्न खरंच झालं आणि कुमुदताईंनी त्याचं श्रेय घ्यायला मुळीच मागेपुढे पाहिलं नाही.

आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी संस्कृत. सबनीसांचं घराणं एके काळी दरबारचं दफ्तर सांभाळणारं. आता दरबार गेला, दफ्तर गेलं, आडनाव तेवढं राहिलं. पण सबनीसांचा तो ताठ कणा काही गेला नव्हता. गावात त्यांना 'माइकवाली मॅडम' म्हणत आणि ताई त्या नावाला तत्परतेनं ओ देत. त्यांच्या मागच्या खोलीत पाच-सात माइक होते. एकेक फडक्यात गुंडाळलेला. आमच्या माळव्याकडच्या मराठी घरांतल्या नव्या पोरी हिंदी शाळांत शिकतात, मराठी बोलतात पण वाचायला दिलं की अडखळतात. म्हणून ताई म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून त्यांच्याकडून कहाण्या, हळदीची गाणी, लोणच्याची कृती, काय मिळेल ते आवाजात धरून ठेवायच्या. "वाचता येत नाही ना? नका वाचू. ऐका!" त्यांचं म्हणणं एवढंच.

माइक म्हणजे काय, हे त्यांनी वर्गात शिकवलेलं मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. शाळेचा मोडका माइक टेबलावर फोडून ठेवलेला. "बघा गं. हा पातळ पडदा. त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं. मागे लोहचुंबक. तुम्ही बोललात की पडदा हलतो, तार हलते, तारेत वीज होते. लाउडस्पीकर विजेचा आवाज करतो, हा आवाजाची वीज करतो. याला म्हणतात डायनॅमिक. आडदांड असतो, पडला-झडला तरी चालतो. दुसरा कंडेन्सर. त्यात दोन पातळ पत्रे समोरासमोर, आणि पुढचा इतका नाजूक की कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे जाडाभरडा. तो हलला की दोघांतलं अंतर बदलतं आणि त्यावरून आवाज कळतो. याला वरून वीज द्यावी लागते, आणि दमट हवा, धूळ, धक्का, काही म्हणजे काही सोसत नाही. पण ऐकतो? अहाहा! तुम्ही मनात पुटपुटलात तरी ऐकेल." एका पोरीनं विचारलं, "मॅडम, दोन्हींत अच्छा कौन सा?" ताई उखडल्या. "अच्छा कौन सा! चप्पल चांगली की बूट? जाणार कुठं आहेस ते सांग आधी."

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. कुणी माइक घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला आलं की ताई त्याचीच तपासणी घ्यायच्या. बोलणार की गाणार? एकटे की चार जण? खोलीत पंखा आहे? रस्ता किती लांब? आमची एक माजी विद्यार्थिनी फोनवरून पाककृती सांगायचं चॅनल काढणार होती. महागातला कंडेन्सर घ्यायचा तिचा बेत. ताईंनी तिच्या घरी जाऊन टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "या फरशीवर तो माइक तुझ्या आवाजाआधी शेजारच्यांची भांडणं रेकॉर्ड करील. साधा डायनॅमिक घे, तोंडापासून चार बोटांवर धर, आणि अलमारी उघडी टाकून साड्यांकडे तोंड करून बोल." तिनं ते केलं. तिची सासू मात्र अजून सगळ्यांना सांगते की सून अलमारीशी बोलते.

स्टेजवर तर ताई कुणाची भीड ठेवत नसत. शाळेच्या संमेलनाला पाहुणे म्हणून कुणी मोठे अधिकारी आलेले. माइकसमोर येऊन त्यांनी आधी त्याला दोन टपल्या मारल्या आणि मग फू फू केलं. कुमुदताई विंगेतून सरळ बाहेर. "साहब, फूँक चूल्हे में मारते हैं. इसमें बोलिए." सभागृह हसलं, साहेबही हसले आणि आमच्या मुख्याध्यापिका तेवढ्या घामाघूम झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना बोलावून घेतलं, तर ताई उलट त्यांनाच माइक कसा धरायचा ते शिकवून आल्या.

एकदा मला घेऊन गेल्या खातेगावला. तिथं एक म्हातारेबुवा माळवी बोलीत जुन्या गोष्टी सांगायचे, त्या टिपायच्या होत्या. गव्हाचे दिवस. बुवांना शेतातच बसायचं होतं, आणि पलीकडे थ्रेशर धडधडत होतं. मी म्हटलं, "ताई, उठा, काही होत नाही आज." ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. "मोजा काढ." "काय?" "अगं पायमोजा काढ तुझा. जाड आहे ना?" मी निमूटपणे काढून दिला. त्यांनी तो माइकवर चढवला, वाऱ्याचा फुरफुराट लागू नये म्हणून. मग बुवांना बाजेसकट फिरवून बसवलं आणि माइकची पाठ थ्रेशरकडे केली. "या माइकला पाठ असते. पाठीमागचं त्याला फारसं ऐकू येत नाही. आपल्या मुख्याध्यापिकांसारखं." बुवा दोन तास बोलले आणि थ्रेशर त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठं तरी लांब गुणगुणतंय एवढंच. मी मात्र एका पायात मोजा घालून देवासला परतले आणि तो मोजा मला कधीच परत मिळाला नाही.

अशा या बाईचा आवाज जाणार असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा देवाचा भयंकर राग आला. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढायचं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. दसरा झाला की आठवड्याभरात दाखल व्हा, म्हणाले. मी रडत त्यांच्या घरी गेले तर ताई पोळी खात बसल्या होत्या. "रडतेस काय? घसा काढणारेत, डोकं नाही काढणार. बस, भाजी चांगली झालीय."

पण एका गोष्टीनं त्यांना आतून पोखरलं होतं. त्यांचा मुलगा धारला नोकरीला, आणि नात इरा, आठ वर्षांची. रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि आजीशी बोलायची. तिच्या शाळेत मराठी नाही, आईबाप कामाच्या घाईत, बरोबरीची पोरं हिंदी बोलणारी. तिची मराठी म्हणजे आजीचा फोन. ताई मला म्हणाल्या, "शैला, बाकी सगळं लिहून चालेल गं. भाजी आण, वीजबिल भर, पाटीवर लिहीन मी. पण इरीला मराठी वाचता कुठं येतं? तिला आजी ऐकायलाच हवी. मी सगळ्या गावाचे आवाज ठेवले, माझाच नाही ठेवला." हे बोलताना त्यांनी तोंड फिरवलं. तेवढंच. मग लगेच उठून म्हणाल्या, "चल, कंडेन्सर काढू."

त्यांच्याकडे असलेला तो सगळ्यात चांगला माइक. मागच्या खोलीत गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि घरातल्यांना ताकीद दिली की मिक्सर लावायचा नाही, कुकर लावायचा नाही, शिंकायचं नाही. घरातले म्हणजे त्यांचे दीर आणि धाकटी जाऊ मालती. दीर बिचारे दिवसभर ग्रंथालयातच जाऊन बसायचे. मालती चुलीपाशी चोरपावलांनी वावरायची. ताईंनी नागपंचमीची कहाणी सांगितली, लहानपणचे किस्से सांगितले, श्लोक म्हटले. आवाज स्वच्छ, एकेक अक्षर टिपून घ्यावं असं. मी ऐकून थक्क झाले. त्यांनी ते धारला पाठवलं.

संध्याकाळी इराचा फोन आला. स्पीकरवर होता. पोर रेकॉर्डिंग ऐकून म्हणाली, "आजी, ये तो मॅडम आहे. तू कहाँ आहेस?"

ताईंचा चेहरा इतका उतरलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि पोरीचं खोटं नव्हतं हो! पस्तीस पोरींपुढे उभं राहून बोलायचा जन्माचा सराव. माइक समोर आला की ताई ताठ बसायच्या आणि शाळेतला आवाज लावायच्या. इतरांना त्या सांगायच्या, माइक विसरा. स्वतःला मात्र तो विसरता येईना. दुसऱ्या दिवशी परत केलं, तिसऱ्या दिवशी परत. मॅडमच. तीच मॅडम, फक्त जास्त दमलेली.

मग त्यांनी डोकं चालवलं. बटणाएवढा कॉलर माइक असतो, मुलाखतीत लोक लावतात तो. तो चहूबाजूंनी ऐकतो, तोंडाशी धरावा लागत नाही. "पदराला लावते, रेकॉर्डर कमरेला खोचते आणि सकाळपासून चालू ठेवते. कामात विसरेन, तेव्हा सापडेन." पहिला दिवस काही विसरल्या नाहीत. चहा गाळतानाही असं बोलल्या, "आता आपण चहा गाळत आहोत." मला हसू आवरेना. ताईंना मात्र हसू येत नव्हतं. दिवस हातातून चालले होते.

आणि आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या शस्त्रांची पूजा होते. शस्त्रं म्हणजे आता विळी, अडकित्ता, शिलाईचं मशीन, दिरांची स्कूटर, पोरांचे कंपास. जे आपल्याला चालवतं त्या सगळ्याला हळदकुंकू. मला जेवायला बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा ताई पदराला कॉलर माइक लावून न्हाणीघराशी फुलं धूत होत्या, आणि मालतीनं पाटावर सगळं मांडून पूजा उरकलीसुद्धा होती. मधोमध तो कंडेन्सर! जाळीवर ठसठशीत कुंकवाचं बोट, वर हळद, अक्षता, झेंडूचं फूल. आणि फुलानं पाणी शिंपडलेलं, अगदी मनापासून.

ताई फुलं घेऊन आत आल्या आणि बघतच राहिल्या.

"मालते!"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "अगं काय केलंस हे? माइकला कुंकू? अगं हा विळा आहे का? पाणी घातलंस त्याच्यावर? पाणी! पडदा भिजला त्याचा, गेला तो, मेला! फूल काय वाहिलंस, मुंडावळ्या बांधायच्या राहिल्या, त्याही बांध! लाव त्याचं लगीन त्या मिक्सरशी! अक्कल काय स्कूटरच्या डिक्कीत ठेवून आलीस? माझे दिवस संपत आले गं बाई, दसरा झाला की मी मुकी, आणि तू... तू त्याला आंघोळ घालतेस?"

मालती पाटावरच बसून राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला. "मला काय ठाऊक वहिनी. मी म्हटलं, तुमचा आवाज ज्याच्यात ठेवायचाय, त्याला आधी हळदकुंकू लावावं. म्हणजे नीट सांभाळील. मी त्याला नमस्कार पण केला. म्हटलं, आमच्या वहिनींना जपून ठेव रे बाबा."

ताईंनी हातातली फुलं पाटावर ठेवली. घरात फक्त वरण उकळत होतं. मग त्या खाली बसल्या, मालतीच्या शेजारी, पाटाला टेकून. "येडी आहेस," म्हणाल्या. "रडू नकोस. अगं, रडू नको म्हटलं ना. इकडे बघ. तू आलीस या घरात तेव्हा पण अशीच रडायचीस, पोळी करपली म्हणून. मी शिकवली का नाही तुला पोळी? मग? ऊठ, ते वरण बघ उतू जाऊन राहिलंय. आणि शैला आलीय, ती भुकेली असली की तुला ठाऊक आहे कशी होते." मालती रडता रडता फिसकन हसली. ताईही हसल्या. मग दोघी तिथंच बसून पहिल्या करपलेल्या पोळीपासून सासूबाईंच्या चष्म्यापर्यंत काय काय आठवत राहिल्या. माझी भूक कुणी विचारात घेतली नाही. वरण उतू गेलंच.

कंडेन्सर संपला होता. जोडून बघितला तर पापड भाजावा तसा कडकड करत होता. ताईंनी तो पुसला, फडक्यात गुंडाळला आणि बाजूला ठेवला. मग कमरेचा रेकॉर्डर काढायला हात घातला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यावरचा लाल दिवा चालू होता.

"शैला," त्या हळूच म्हणाल्या, "मी विसरले होते गं."

कॉलर माइकचा आवाज काही कंडेन्सरसारखा नव्हता. पदर घासल्याचा खसखस आवाज, बांगड्या, वरण, मध्येच रस्त्यावरचा भाजीवाला. त्या रेकॉर्डिंगला स्वतः ताईंनी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत नापास केलं असतं. त्यांनी ते तसंच, काही न कापता, धारला पाठवलं. आम्ही तिघी फोनपुढे बसलो. मालती सगळ्यात पुढे, जशी काही तिचीच परीक्षा.

इरा पलीकडे हसत सुटली होती. "आजी! हो, हीच तू! मालतीआजीला इतकं डाँटलंस?" आणि मग, "परत लावते हं मी." फोन तिनं ठेवलासुद्धा नाही, तिकडे रेकॉर्डिंग परत सुरू झालं आणि आम्हाला ताईंचा तो 'मालते!' धारहून ऐकू आला. मालतीनं टाळ्या वाजवल्या. ताईंनी डोळे पुसले, उघड उघड, कुणाची पर्वा न करता. मीही रडले. का नाही रडणार?

त्या दिवसापासून दाखल होईपर्यंत ताईंनी एकच पद्धत ठेवली. पदराला कॉलर माइक आणि समोर मालती. मालती भाजी निवडायची, चुकायची, विचारायची, आणि ताई बोलायच्या. कुणाची लग्नं कशी मोडली, चकलीची भाजणी, त्यांचे यजमान पहिल्यांदा सायकलवरून कसे पडले, इराच्या बाबानं लहानपणी काय काय गिळलं. आवाज बसत चालला होता, तरी रोज. मला म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांना सांगितलं, आधी जागा बघा, मग माइक निवडा. चुकलेच मी. आधी समोर कोण बसणार ते निवडायचं. मग कुठलाही माइक चालतो." जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःची चूक कबूल केली होती आणि तीही एवढ्या ऐटीत की माझीच चूक असावी असं मला वाटलं.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. ताई राहिल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते धारला, पुढच्या वर्षी, मुलाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. गळ्याशी सुती रुमाल, अंगावर हिरवी इरकली, पाठ तशीच ताठ. अंगणात भजनाचा कार्यक्रम होता. साउंडवाला जवळच्या तिरल्याहून आलेला तरुण, माइक ओठांना लावून 'हॅलो हॅलो' करत होता आणि स्पीकर कानात किंचाळत होता. ताई खुर्चीतून पुढे झुकल्या, तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांना बोलायचं होतं आणि तिथं त्यांच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं.

एवढ्यात इरा पायऱ्यांवरून उतरून आली. कमरेवर हात. "अहो भिया, अहो दादा! माइकचा पापा घेताय का? दूर धरा की जरा, चार बोटं! आणि तो स्पीकर माइकच्या तोंडासमोर कुणी ठेवला? उचला, उचला, मागे न्या त्याला. बघताय काय माझ्याकडे, मी काय गणपती आहे?"

साउंडवाल्यानं 'जी दीदी' म्हणत मुकाट्यानं स्पीकर उचलला. किंचाळणं थांबलं. मालती माझ्या कानाशी आली. ती सगळी रेकॉर्डिंग तिला तोंडपाठ होती. "शैलाताई," ती म्हणाली, "यातलं एकही वाक्य त्यात नाही हो. हे तिचं तिचंच आहे."

मी ताईंकडे बघितलं. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.